कोतवालाच्या वहीतला चौथा

मी मेलो तेव्हा अकरा दिवसांचा होतो. याचा पहिला सुगावा मला लागला तेव्हा माझं वय पंचवीस होतं, आणि मी ठाण्यात मुन्शीच्या टेबलापुढं आफ्रिकेचं परमिट हातात घेऊन उभा होतो.

आधी परमिटाचं सांगतो, नाहीतर पुढचं काही उमगायचं नाही. बल्लारशाच्या एका आरागिरणीत मी करवतीच्या पट्ट्यांना कानस मारायचं, दात लावायचं काम करायचो. शाळा मी बाहेरूनच पाहिली. अक्षरं शिकलो ती सागाच्या ओंडक्यांवरचे नंबर नि शिक्के बघून बघून. पण कान माझा पक्का. पट्टा फिरायला लागला की नुसत्या आवाजावरून सांगायचो, दात वाकलाय. आमचा मिस्त्री आधीच आफ्रिकेत एका कच्छी मालकाच्या गिरणीत गेला होता. त्यानं मालकाच्या कानावर माझं नाव घातलं, आणि मालकानं तिथल्या सरकारकडून माझ्या नावाचं परमिट काढून धाडलं. इंग्रजी टाईपातला कागद, खाली जांभळा शिक्का. हा माणूस याच मालकाकडं काम करील आणि सहा महिन्यांच्या आत तिथं उतरेल, नाहीतर कागद रद्द. पासपोर्ट मात्र मी इकडं काढायचा, आणि त्यासाठी ठाण्याचा दाखला हवा होता, की हा अमक्या गावचा, अमक्याचा मुलगा, अमक्या साली जन्मला. कागद फिरत फिरत माझ्या हाती येईस्तोवर दोन महिने गेलेच होते.

आमचं गाव वैनगंगेच्या पलीकडं, गडचिरोलीपासून दोन कोसांवर. बा तळ्यात जाळं टाकायचा, थोडं धान पिकवायचा. गावचा कोतवाल दर आठवड्याला जन्ममरणाची वही बगलेत मारून ठाण्याला जायचा आणि तिथं मुन्शी ते मोठ्या वहीत उतरवून घ्यायचा. तान्ह्या पोरांची नावं त्यात नसायची. अमक्याचा पुत्र, एवढंच.

मुन्शीनं जुन्या वह्या काढल्या, थुंकी लावून पानं उलटली, बाचं नाव शोधलं आणि बोट ठेवून वाचलं.

"तुझ्या बापाच्या नावावर जन्म चार. मौती बी चार. शेवटचा अकरा दिवसांचा असताना मेला. त्याच्यामागं जन्मच नाई." मग मान वर करून म्हणाला, "मंग तू कोन बे?"

मी तापट माणूस. म्हटलं, "डोळे फुटले काय तुमचे? पुढं पाहा, पाचवा असंन."

त्यानं वही माझ्याकडं फिरवली. पुढं काहीच नव्हतं. मी परमिटाची घडी घालून घरी आलो.

आता घरचं सांगतो. मला कळायला लागल्यापासून मायनं मला कधी 'माहा' म्हटलं नाही. ती मला 'लोकाचा' म्हणायची. "लोकाच्या पोट्ट्याले भात वाढा." "लोकाचं लेकरू ते, पान्यात कायले जाऊ देता?" माझ्या आधीची भावंडं गेलेली, म्हणून मला जन्मल्यावर सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं, सुईणीनं उचललं आणि मायनं मूठभर कण्या देऊन मला तिच्याकडून घेतलं, हे मला ठाऊक होतं. विकत घेतलेलं पोर लोकाचं, त्याच्याकडं मरण बघत नाही. अशी पोरं आमच्याकडं गावोगाव होती. पण बाकीच्यांच्या आया दोन-चार वर्षांनी विसरून जायच्या नि पोराला पोटाशी धरायच्या. माझी माय विसरली नाही.

आणि तळ्याच्या पाळीमागं, मातीच्या बांधापल्याड, मोहाच्या झाडाखाली, दगड नि बोराटीच्या काट्या रचलेली चार थडगी होती. एवढी एवढी, सुपाएवढी. दर अक्षय तृतीयेला माय शेजारणीच्या शेळीचं दूध मागून आणायची आणि चार द्रोण तिथं ठेवायची. मी त्या झाडाखाली मोहफुलं वेचली, झोपलो, चौथ्या थडग्याच्या दगडावर बसून आंबे खाल्ले. चार भाऊ माझ्याआधी गेले, असंच मी धरून चाललो होतो.

बा पाळीवर बसून जाळं विणत होता. मी विचारलं, "वहीत चारच जन्म कसे?" त्याचा हात थांबला.

"तुह्या मायच्या डोक्यातलं ते," तो म्हणाला. "तिघं गेले. तिघायच्याही वक्ताले तिनं पाह्यलं, कोतवाल जन्म लिवून ठान्याले नेते आन् महिन्याच्या आत मागून मरन येते. तिले वाटलं, वही कोनी वाचते. तू झाला तं म्हने, आता मरनच लिवून टाका, म्हंजे कोनी येनार नाई. कोतवाल म्हने, आधी जन्म लिवा लागंन. दोन्ही लिवले. दुधीभोपळा फडक्यात गुंडाळून आमी दोघायनं पुरला. बोलू नको कोठी."

"म्हंजे चवथा?"

"तू होय," बा म्हणाला आणि पुन्हा जाळ्याकडं बघायला लागला.

काय सांगू राजेहो! माझ्याच थडग्यावर बसून मी कोया थुंकल्या होत्या. माझ्यासाठीच माय दूध ठेवत होती, कुणाला संशय येऊ नये म्हणून. हसू यावं की रडू, ते कळेना. त्या दिवसापासून त्या झाडाखालून जाताना मी अंग चोरून जायचो. भोपळाच आहे खाली, हे माहीत असून जायचो.

मुन्शी माणूस वाईट नव्हता. मी जाऊन खरं काय ते सांगितलं, तेव्हा त्यानंच वाट दाखवली. वहीतलं मरण खोडायचं तर तहसीलदारापुढं आईचं शपथेवर बयान हवं, की हा माझा पुत्र, जिवंत आहे, नोंद खोटी होती. जुनी गोष्ट आहे, साहेब समजदार आहे, कुणाला जेल होणार नाही.

मायनं ऐकून घेतलं आणि चुलीत फुंकर घालत म्हणाली, "मी नाई म्हननार."

"काऊन?"

"नाई म्हननार. त्याले मालूम होईन."

'त्याले' म्हणजे कोणाला, हे मी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. मी समजावलं, पाया पडलो, शिव्या घातल्या. बाला सांगितलं, तर तो म्हणाला, "तिच्यापुढं माहं काय चालते?" एक महिना असाच गेला. परमिटाचा कागद मी रोज उघडून पाहायचो आणि तारीख मोजायचो. मला जायचं होतं. खरं सांगतो, पैशासाठी तर जायचं होतंच, पण त्याहून जास्त या घरातून जायचं होतं, जिथं मला कुणी आपला म्हणत नव्हतं. तिकडं दूर समुद्रापलीकडं एका परक्या मालकानं माझं नाव लिहून सरकारला सांगितलं होतं, हा माझा माणूस. आणि जन्म दिलेली बाई तोंड उघडत नव्हती.

एक दिवस जेवताना मी ताट सरकवलं आणि म्हणालो, "ठीक हाये. तुह्या वहीत मी मेलोच हावो ना? मंग राह्यलो काऊन? तळ्यात जातो आन् खराच मरतो. दूध तं तू ठेवतच हाये."

माझ्या तोंडून असं निघालं. जिभेला काही हाड? मायनं माझ्याकडं पाहिलं. रडली नाही. उष्टं ताट उचललं, धुतलं, पालथं घातलं आणि म्हणाली, "उद्या चाल."

सकाळी आम्ही दोघं पायी गडचिरोलीला गेलो. तहसीलीत दुपारी आमची पाळी आली. साहेब, एक बाबू, दाराशी चपराशी. माय आत आली आणि चपराशाला म्हणाली, "दार लावा बाप्पा. खिडक्याही लावा." बाबू हसला. साहेबानं मात्र हातानं खूण केली आणि चपराशानं दार-खिडक्या लावल्या. बाहेर मरणाचं ऊन, आत अंधार.

साहेबानं विचारलं, "हा कोण तुमचा?"

तिचे ओठ हलले. आवाज आला नाही.

"बाई, मोठ्यानं बोला. बाबूला लिहायचं आहे."

ती पुन्हा पुटपुटली. बाबूनं टाक उचलून धरला होता. "काय? कोणाचा आहे म्हणता?"

मग तिनं पदर खोचला आणि अशी ओरडली की बाहेरचे पक्षकार दाराशी गोळा झाले. "माहा होय! माह्या पोटचा होय! माहा लेक, जित्ता आहे!"

टाकाचं टोक कागदावर कुरकुर वाजलं. मी भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो, कारण मला रडायला आलं होतं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा मी ते ऐकलं होतं. तिनं अंगठा इतका दाबून दिला की ठसा फाकला, दोनदा घ्यावा लागला.

परतताना ती पुढं पुढं भराभर चालली. वाटेवर गावचा एक माणूस भेटला, विचारलं, पोराला घेऊन कुठं गेली होती? माय मोठ्यानं, रानाला ऐकू जाईल असं म्हणाली, "माहा कुठचा बाप्पा! लोकाचा पोट्टा होय, वाटंत भेटला."

माझ्या अंगाचा भडका उडाला. तासाभरापूर्वीचं रडू आटून गेलं. घरी येईस्तोवर मी मुद्दाम तिच्या मागं राहून चाललो.

दाखला मिळाला, देवीची लस टोचून झाली, पासपोर्ट आला. मुदत संपायला महिनाभरच उरला असताना मी निघालो. त्या सकाळी माय घरात नव्हती. अक्षय तृतीया कधीच होऊन गेली होती, तरी पाळीवरून जाताना मला ती मोहाखाली दिसली, द्रोण मांडताना. मी खोकललो. तिनं मान वळवली नाही. चौथ्या थडग्यापुढं बसून ती हेल काढून रडत होती, मेलेल्या पोराच्या नावानं रडतात तसं. आणि मी, मूर्ख, मनात म्हणालो, जित्याला निरोप नाही, भोपळ्यासाठी रडते. तसाच वैनगंगेच्या घाटावर जाऊन नावेत बसलो.

आफ्रिकेत काम चांगलं होतं, मालकही चांगला. रात्री गिरणी बंद झाली की तिचं ओरडणं माझ्या कानात वाजायचं. मी पत्रं धाडली. मास्तराच्या हातून बाची उत्तरं यायची, त्यात मायचा निरोप कधी नसे. तिसऱ्या वर्षी पत्र आलं, माय गेली. करार मोडून निघणं शक्य नव्हतं. पोचलो तो पाचव्या वर्षी.

बा पाळीवरच बसलेला. जाळं होतं मांडीवर, पण डोळ्यांनी दिसत नव्हतं त्याला. मी विचारलं, शेवटी काही बोलली का माझं?

"तापात होती," बा म्हणाला. "गडचिरोलीच्या दवाखान्यात नेली. कंपाउंडर लिवून घेत होता. त्यानं पुसलं, बाई, पोरं किती? म्हने, चार झाले. पुसलं, कोठी आहेत, बलावा कोनाले. म्हने, चारी गेले. मी सांगाले गेलो, एक आहे म्हून. तं तिनं माहा हात धरला. अंगात जीव नव्हता, तरी असा दाबला का नखं रुतले. सोडलाच नाई, शेवटवर."

दुसऱ्या दिवशी मी शेजारणीकडून शेळीचं दूध मागून आणलं आणि पळसाची पानं तोडून चार द्रोण लावले. काट्या जुन्या झाल्या होत्या, त्या नव्या घातल्या. तीन थडग्यांपुढं द्रोण ठेवले. मग चौथ्यापुढंही ठेवला. पाळीवरून परगावची एक म्हातारी जात होती. तिनं विचारलं, कोण रे बाबू तू, यांचा कोण?

"कोनी नाई, बाई," मी म्हटलं. "लोकाचा होय."