दारातच सांगितलेला आकडा

"थांबा पाटी, मधलं राहिलं." हात आडवा धरून ती म्हणायची, चौकातला पोलीस गाडी अडवतो तसा. पाटी म्हणजे तमिळमध्ये आजी. मी म्हटलं, ताप आला, काढा घेतला, उतरला, की हिचा हात आडवा.

"ताप का आला? आणि काढ्यानेच उतरला कशावरून?"

"तुला काय करायचंय? उतरला ना!"

तिला ते पटायचं नाही.

तिचं नाव सांगत नाही. चेन्नईजवळच्या आवडी गावात आमच्या मजल्यावर समोरच्या घरात राहायची. ती माणसं तंजावरची मराठी, कित्येक पिढ्या इकडचीच. मी लग्न होऊन साताऱ्याकडून आले, चौथी शिकलेली. नवरा इथे कारखान्यात होता. त्यांची जुनी मराठी मला लिहिता येत नाही, म्हणून तिचं बोलणं माझ्या मराठीत लिहिते.

अभ्यास ती माझ्या स्वयंपाकघरात करायची, मोठ्याने. मी भाजी चिरत असायची आणि ती मला काळीज कसं चालतं ते सांगायची. रक्त कुठून आत येतं, कुठून बाहेर जातं, एकही वळण गाळायची नाही. माझ्यासारखीला समजलं म्हणजे आपल्याला आलं, असा तिचा हिशेब. मला समजायचं, हे विशेष. शाळेत ती कायम पहिली. बारावीलाही पहिली. शाळेत उत्तर कसं काढलं त्याचेही मार्क मिळतात, आणि तिचा सगळा जीव त्या कसं काढण्यातच.

डॉक्टर व्हायचं हे घरात केव्हाचं ठरलेलं. त्यासाठी वेगळी मोठी परीक्षा असते. एकेका प्रश्नाला चार उत्तरं छापलेली, बरोबर असेल त्याचा गोल काळा करायचा. चुकलं तर मार्क कापतात. हिने हातात घेतलेला प्रत्येक प्रश्न पहिल्या पायरीपासून शेवटपर्यंत सोडवला. वेळ संपला तेव्हा निम्म्याहून जास्त प्रश्नांचे गोल पांढरेच होते.

सातशे वीसपैकी दोनशे चौदा.

मी तोंडाची फटकळ. म्हटलं, "अगं, गोल तर काळे करायचे होते. चारातला एखादा लागला असता."

"माहीत नसताना कसा करू?"

"बाकीचे करतात."

"त्यांना येतं पण आणि भरभर जमतं पण. मला येतं, भरभर जमत नाही." डोळे सुजलेले होते, पण परीक्षेला एक वाईट शब्द बोलली नाही. मी दोन-चार बोलून घेतले तेवढेच.

या परीक्षेचा निकाल लागला की इकडे घराघरांत आईबाप धास्तावतात. का ते तुम्हाला ठाऊक आहे, बातम्या तुम्हीही वाचता. तिच्या बापाने तिच्या खोलीची आतली कडी काढून टाकली. संध्याकाळी ती माझ्याकडे आली. "पाटी, स्क्रू ड्रायव्हर आहे?" मी दिला आणि मागोमाग गेले. बापाच्या डोळ्यांदेखत तिने कडी परत बसवली.

"अप्पा, मला दार लावून रडायचंय. रडून झालं की मी बाहेर येणार. दहीभात झाकून ठेवा."

आत गेली, कडी लावली. बाप प्लॅस्टिकची खुर्ची दाराला टेकवून बसला. आतून रडण्याचा आवाज येत होता तोवर तो बरा होता. आवाज थांबला तसा खुर्चीवरून उठला. हात दारावर ठेवायला आणि कडी निघायला एकच गाठ पडली. ती स्वयंपाकघरात गेली आणि सगळा दहीभात खाल्ला.

मग नवरात्र आलं. इकडे नवरात्रात घरोघरी कोलू मांडतात, पायऱ्यांवर बाहुल्या. आसपासच्या बायका बघायला येतात, त्यांना कुंकू लावायचं, सुंडल म्हणून उसळ द्यायची. आणि आलेली बाई मुलांचे मार्क विचारल्याशिवाय उठत नाही. आई म्हणाली, "यंदा नको मांडायला."

कोलू मांडत नाहीत ते घरात मयत झालं असेल त्या वर्षी.

पोरीने माळ्यावरची पेटी स्वतः खाली ओढली. "घरात कोण गेलंय, अम्मा? मी तर इथेच आहे." आई त्या पेटीवरच बसून रडली. ती आईला उठवून बाहुल्यांचे कागद सोडायला लागली.

पहिल्या संध्याकाळी पावडई, म्हणजे आपलं परकर-पोलकं, नेसून, कुंकवाचा करंडा घेऊन ती दारात उभी राहिली. मी आत खुर्चीवर होते, सगळं दिसत होतं.

"या मामी. सातशे वीसपैकी दोनशे चौदा. मेडिकल मिळालं नाही. आत या, सुंडल गरम आहे."

मामी चप्पल काढता काढता थांबली. असा आकडा खणून काढायचा असतो, तो हिने कुंकवाबरोबर कपाळालाच लावला.

"अय्यो, पावम!" पावम म्हणजे बिचारी.

"पावम कशाला? शिकलेलं सगळं आहे डोक्यात."

दुसरी खवचट होती. "आमच्या भाच्याला पाचशेच्या वर पडले हं."

"हुशारच आहे तो. माझ्याकडून अभिनंदन सांगा, मामी. नारळ घातलेलं देऊ की साधं?"

येईल तिला तेच, त्याच आवाजात. मी आयुष्यात तऱ्हेतऱ्हेची माणसं पाहिली. कमी पडलेली गोष्ट लपवायला खोटं बोलणारी तर रोज बघते, मीही बोलले आहे. भर दारात त्या गोष्टीला असं हाताला धरून उभं करणारं कोणी पाहिलं नव्हतं. बायका गेल्यावर करंड्याचं झाकण तिला बसवता येईना, तिने तो तसाच उघडा ठेवला. मी सुंडलाच्या वाट्या गोळा केल्या.

दुसऱ्या दिवशी खवचट मामी एकटीच आली आणि बाहुल्यांकडे बघत म्हणाली, "आमचा धाकटा कोइंबतूरला शिकतोय म्हणते ना मी, तो दोन वर्षं घरीच आहे." पोरीने तिला सुंडल जास्त वाढलं.

बाप म्हणाला, अजून एक वर्ष दे, क्लास लावू. ती म्हणाली, "पुन्हा दिली तरी मी अशीच देईन, अप्पा." इथे जनावरांच्या डॉक्टरकीला बारावीचे मार्क धरतात. तिने आधीच अर्ज केला होता, जागा मिळाली.

"लोक गुरांची डॉक्टर म्हणतील," बाप म्हणाला.

"म्हणतीलच. तीच होणार आहे."

ती लांब हॉस्टेलला गेली. समोरचं दार आता बंद असतं. माझी भाजी मुकाट चिरून होते.

आई रोज फोन करते. निकालानंतरची भीती अजून गेलेली नाही तिची. एका संध्याकाळी फोन उचलला जाईना. ती पांढरीफटक पडून माझ्याकडे आली. "अक्का, उचलत नाही." आम्ही पुन्हा पुन्हा लावत होतो. शेवटी उचलला.

"अम्मा, गाय अडलीय. नंतर बोलते." पण घाईत बंद करायचा राहिला असावा. गाय मोठमोठ्याने श्वास टाकत होती. बादली सरकल्याचा आवाज आला. कोणीतरी तमिळमध्ये ओरडलं, घट्ट धर. आणि मग तिचा आवाज, अगदी हळू, घरच्या त्या जुन्या मराठीत. गायीशी बोलत होती.

आईने फोन जमिनीवर आमच्या दोघींच्या मध्ये ठेवला. समोरून कुकरची शिट्टी झाली, ती उठली नाही. मीच जाऊन गॅस बंद केला आणि परत येऊन ऐकत बसले.