दोन बोटं आत

डोंगरमाथ्यावरच्या पडक्या किल्ल्याची डागडुजी करणाऱ्या गवंड्याला सगळे ओळंबा म्हणत. भिंत सरळ आहे का ते बघायला गवंडी वजन बांधून सोडतात त्या दोरीसारखा देह आणि खाली वजनदार बूट, दुसरं काय म्हणणार? त्यालाही त्याचं काही वाटत नसे. त्याचा हट्ट एकच, आपण बुजवलेली जागा कुणाच्या बापाला ओळखू येता कामा नये.

किल्ला आठशे वर्षांपूर्वीचा. मधला चौकोनी बुरूज तेव्हाच्या राजाने बांधला तो सावकाश, एकेक चिरा घडवून. भोवतालचा तट त्या राजाच्या नातवाने उभारला तो शत्रू पायथ्याशी आल्यावर, त्यामुळे हाताला लागेल तो दगड त्यात कोंबलेला. हे पुस्तकांत आहेच, पण ओळंब्याला पुस्तकाची गरज नव्हती. भिंतीवरून हात फिरवून तो सांगे, इथे गवंड्यांना सवड होती, इथे पळता भुई थोडी झाली होती.

बारा वर्षांपूर्वी बुरुजाची एक बाजू ढासळली. नवं काम जुन्यापासून वेगळं दिसलं पाहिजे, ते जुन्या दगडांच्या पातळीपेक्षा दोन बोटं आत घ्या, असं तेव्हाच्या साहेबांनी बजावलं होतं. हा या कामातला नियमच. ओळंब्याने मान डोलावली, आणि साहेबांची बदली होताच मनाचं केलं. दगड त्याच खाणीतला, छिन्नीचे घाव जुन्यासारखे तिरके, वर ताक शिंपडून शेवाळही धरवलं. या नटव्या कामात इतके दिवस गेले, की आतली भर नीट घालायला वेळच राहिला नाही. बाहेर वीतभर जाडीचे चिरे, आत नुसती माती आणि खडी. बायकोखेरीज हे कुणाला ठाऊक नव्हतं.

यंदा नव्या वास्तुतज्ज्ञ बाई आल्या. विद्यार्थ्यांना नेमक्या त्याच भिंतीपुढे उभं करून म्हणाल्या, आठशे वर्षांपूर्वीचं अस्सल काम बघायचं तर हे बघा. चुना कालवता कालवता ओळंब्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पुढच्याच वाक्याला ते उतरलं. प्रेक्षकांसाठी लोखंडी सज्जा करायचा होता, चाळीस माणसं मावतील एवढा. भिंत इतकी भक्कम आहे, तर तो तिच्यातच रोवायचं ठरलं होतं. खाली तीन मजल्यांवर दगडी चौक.

घरी त्याने ताट बाजूला सारलं आणि बायकोला सज्ज्याचं सांगितलं. खरं सांगावं तर निवृत्तीला दोन वर्षं असताना नोकरी जाणार. बायको शिवणकाम करायची. तिने दोरा दातांनी तोडला आणि सरळ सांगितलं, "नोकरी गेली तर मी चार झगे जास्त शिवीन. माणसं पडली तर काय शिवू?"

सकाळी त्याने भिंतीपाशी, विद्यार्थ्यांदेखत बाईंना सगळं सांगितलं. वाटलं होतं कडाडतील, त्या हसल्या.

"मिस्त्री, मोठेपणा पुरे. असे घाव घालणारा माणूस आज शोधून सापडायचा नाही."

"मीच घातलेत."

"प्रत्येक किल्ल्यावर एक मिस्त्री मला हेच सांगतो."

त्याने महिना सांगितला, खाण सांगितली, ताकसुद्धा सांगितलं. बाई ढिम्म. त्यांचा अहवाल छापायला गेला होता. शेवटी ओळंब्याने पहार उचलली. जुन्या वास्तूला हात लावलात तर पोलिसांत देईन, असं त्या ओरडेपर्यंत कोपऱ्यातला चिरा बाहेर आला आणि त्यामागून माती-खडीची धार बाईंच्या बुटांवर ओतली गेली. विद्यार्थ्यांनी लिहायचं थांबवलं.

बाईंनी भोकात कोपरापर्यंत हात घातला, काढला, झटकला.

"अहवालात तुमचं नाव येईल," त्या म्हणाल्या. "आणि माझंही."

नोकरी राहिली, त्या वर्षीची पगारवाढ गेली. सज्जा समोरच्या तटाखालच्या खडकात रोवला. ओळंब्याला सगळी भिंत उतरवून पुन्हा बांधायला लावली, पूर्ण जाडीची आणि दोन बोटं आत. बाई रोज पट्टी लावून बघत आणि तो रोज दात-ओठ खात चिरे बसवी.

सज्जा उघडला त्या दिवशी तो बायकोला घेऊन वर गेला. माणसं कठड्याला रेलून फोटो काढत होती. समोर बुरुजावर त्याची भिंत खाचेसकट चक्क उठून दिसत होती.

"लांबूनसुद्धा लपत नाही," तो रडक्या आवाजात म्हणाला.

"बरं झालं," बायको म्हणाली. "तीस वर्षांत तुमचं काम आज पहिल्यांदा बघतेय."