जमीन हलवणारा डॅक

आमचे हे लातुरात एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवतात. दिवसभर माइकवर घसा फोडायचा, लोकांच्या लेकरांना डॉक्टर करायचं, अन् घरी येऊन म्हणायचं, "मला शुद्ध आवाज पाहिजे." बायकोचा आवाज त्यात अर्थातच धरलेला नाही.

स्पीकर झाले, अॅम्प्लिफायर झाला. मग कुणीतरी डोक्यात भरवलं की कॉम्प्युटरमधलं गाणं म्हणजे नुसते आकडे, त्यांचा नीट आवाज करायला वेगळी डबी लागते. तिला डॅक म्हणतात. झालं! साबणाच्या डबीएवढी वस्तू, पण तिची जेवढी चौकशी झाली तेवढी लग्नाआधी माझीसुद्धा झाली नव्हती. सोळा बिट की चोवीस बिट, यावर जेवताना प्रवचन. मी म्हणलं, "कान दोनच हायत ना अजून?" तर म्हणे, गाढवाला गुळाची चव काय. मी ताटात भाकरी वाढली.

त्याच दिवसांत सासूबाई आमच्याकडं आल्या होत्या. गाव किल्लारीजवळचं. भूकंपात दगडमातीचं घर बसलं, त्यात सासरे गेले. पुढं पक्कं घर मिळालं, पण ह्या त्याच्या पुढ्यात पत्र्याचं शेड ठोकून तिथंच राहिल्या. स्लॅबखाली झोपायचं नाही म्हणजे नाही. लातुरातही त्यांची खाट अंगणात. थंडीनं खोकला धरला तरी हट्ट सुटेना. मला रागही यायचा अन् ह्या थंडीत म्हातारी हातची जाईल अशी भीतीही वाटायची. किती मिनत्या केल्या, तेव्हा कुठं एका सकाळी त्यांनी खाट हॉलमध्ये आणू दिली. तीही दाराला खेटून, अन् दाराला कडी लावायची नाही या अटीवर.

नेमका त्याच दुपारी डॅक आला. निवड कशी झाली तेही ऐका. एक होता स्वच्छ आवाजाचा. दुसऱ्याला बेस वाढवायचं बटन होतं. दुकानदार म्हणाला, "सर, हे दाबा, जमीन हलती." सरांनी तोच उचलला. जमीन हलते म्हणून वस्तू विकणारा अन् तेवढ्यावर खूश होऊन घेणारा, दोघंही लातूरचेच निघावेत, याला काय म्हणावं? आमच्याकडं मिरवणुकीतल्या डीजेनं छाती धडधडली तरच आवाज चांगला. एमएस्सी झालं तरी ही परीक्षा काही सुटत नाही.

सासूबाईंचा नुकता डोळा लागला होता, मी भाकरी थापत होते. ह्यांनी गाणं लावलं, बटन दाबलं. फरशीखालून गडगड उठली, मांडणीतली भांडी वाजली. मला काही कळायच्या आत सासूबाईंनी माझं मनगट धरून पिठाच्या हातांनिशी मला अंगणात ओढलं. वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणाऱ्या क्लासच्या पोरी अनवाणीच खाली धावल्या.

"आत्या, गाणं हाय ते," मी सासूबाईंना सांगत होते. त्यांच्या कानात शिरेना. "पोरगं आत हाय," एवढंच म्हणाल्या अन् माझा हात सोडून परत घरात गेल्या. जिला स्लॅबखाली न्यायला मी बेजार झाले होते, ती बाई घर पडतंय असं समजून आपल्या पायांनी आत गेली.

हे डोळे मिटून शुद्ध आवाजात बसले होते. सासूबाईंनी त्यांना कॉलर धरून बाहेर आणलं.

गाणं बंद झालं, समजावून झालं. मला वाटलं, आता लेकाला शिव्या घालतील. त्या ओट्यावर बसल्या, कॉलर हातातच होती.

"तवा म्या भाईर आले अन् हुभीच राह्यले," म्हणाल्या. "तुझा बाप आतून हाका मारत हुता. पाय उचललाच न्हाई."

इतक्या वर्षांत हे त्या कुणाजवळ बोलल्या नव्हत्या. ह्यांचा चेहरा मला बघवेना. मी खाट बाहेर आणायला उठले, तर त्यांनी अडवलं.

"ऱ्हाऊ दे आतच. ह्याला काई कळत न्हाई. जवळ असले म्हंजी लवकर भाईर काढता येतंय."