मागच्या रांगेतून दिसणारा चेहरा

माझी पत्नी जऊळक्याला माहेरी गेली आणि तिथेच वारली. मी पोहोचलो तेव्हा अंत्यविधी उरकला होता. शेवटचं कुंकू नवऱ्याने लावायचं, ते राहून गेलं. घरात तिचा फोटोही नव्हता.

त्या महिन्यात आमच्या मालेगावात संगीत नाटकाची कंपनी उतरली होती. कंपनीच्या जाहिराती रंगवणारा माणूस तंबूबाहेर बसायचा. जाड कागदात चेहरा कोरायचा आणि त्यातून एकेक रंग थापायचा; सावली नाही, छटा नाही. रंगांच्या पेटीच्या झाकणात त्याने जपानी बाईचं छापील चित्र चिकटवलं होतं.

"ह्या माह्या गुरू. चार रेघांत पुरी बाई!"

मी त्याला सगळं सांगितलं आणि पत्नीचं चित्र मागितलं. त्याने नाकडोळे विचारलेच नाहीत; ती पदर कसा धरायची, रागावली की कुठे पाहायची, एवढंच विचारलं. मग न खोडता कागद कोरला. हिरवं लुगडं, पिवळा चेहरा, काळे केस.

"इतकं भडक कशाला?" मी म्हणालो.

"नायिका मांगच्या रांगेतून दिसली पाह्यजे, मास्तर. आज तुमी पयल्या रांगेत आहा. दरसाल मांग सरकसान."

कपाळ मात्र त्याने कोरं ठेवलं आणि लाल रंगाची वाटी माझ्यापुढे सरकवली.

"हे काम तुमचं. आन डोये मिटून नका लावू, नाकावर जाईन."

कुंकू जरा डावीकडे गेलं.

त्याचं नाव मी विचारलंच नाही. तिचा खरा चेहरा आता मला नीट आठवत नाही. चित्र भिंतीवर आहे आणि दारातून दिसतं.