न तोललेला वाणवळा

जयवंतचे वडील धुळ्याकडून सिल्वासाजवळच्या राखोलीला धाग्याच्या कारखान्यात आले आणि इथलेच होऊन गेले. मशीन अडलं की आधी सगळं बंद करायचं, मग एकेक चालू करत बिघाड हुडकायचा, हे त्यांनी पोराच्या डोक्यात पक्कं बसवलं. जयवंत आता जवळच्याच अथाल गावातल्या खोलीत बसून लोकांची ऑनलाइन दुकानं दुरुस्त करतो, पण रीत बापाचीच. भुताखेतांच्या गोष्टींचं त्याला हसू यायचं. मंगलाकाकूंचं दुकान हाती येईपर्यंत.

मंगलाकाकू म्हणजे त्याला कॉम्प्युटर शिकवणाऱ्या रमाकांत सरांच्या पत्नी. सर मूळचे कोकणातले, सिल्वासात खासगी शाळेत शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी काकूंसाठी कुळथाचं पीठ, पापड, कोकम विकणारं दुकान इंटरनेटवर थाटून दिलं. मागच्या वर्षी सर गेले आणि काकूंचं सगळं घर त्या दुकानावर आलं. आता तिथे गिऱ्हाइकांनी भरलेली कार्ट आपोआप रिकामी होत होती.

"सरांना दुकान चालायला नको आहे का रे?" काकूंनी विचारलं. त्या हसत नव्हत्या.

"काहीतरीच काय काकू. प्लगइनची आपसातली भांडणं आहेत ही."

प्लगइन म्हणजे दुकानाला वरून जोडलेले छोटे प्रोग्राम. त्याने आपल्या लॅपटॉपवर दुकानाची हुबेहूब नक्कल उतरवली आणि ते सगळे बंद केले. मग एकेक चालू करत, दर वेळी कार्टमध्ये कुळथाचं पीठ टाकून पाहिलं. पैसे भरायचं ठीक, कुरिअरचं नवं तेही ठीक. शेवटी उरला 'वाणवळा', सरांनी स्वतः लिहिलेला. तो चालू करताच पिठाशेजारी न मागितलेली कोकमाची पुडी आली आणि खाली ओळ उमटली: रिकाम्या हातानं जाऊ नका.

सर दारात उभे राहून अगदी हेच म्हणायचे. जयवंतच्या अंगावर सर्रकन काटा आला. तेवढ्यात कार्ट रिकामी झाली.

कारण साधं निघालं. कुरिअरचा प्रोग्राम प्रत्येक वस्तूचं वजन मागत होता आणि सरांनी भेटीच्या कोकमापुढे वजन घातलंच नव्हतं. बिनवजनाची वस्तू दिसली की तो अख्खी कार्ट फेकून देत होता.

"पन्नास ग्रॅम लिहून टाकतो, काम फत्ते."

"ते नाही घालायचे वजन," काकू म्हणाल्या, सर आत अंघोळीला गेले असावेत अशा सुरात. "गावाहून कुणासाठी आणलेला वाणवळा कधी तोलून देतात का? तू वजन घातलंस तर तो त्यांचा राहणार नाही. बंदच कर."

त्याने खऱ्या दुकानातून वाणवळा काढला. ऑर्डरी पुन्हा येऊ लागल्या. काकू हल्ली प्रत्येक पार्सलात मूठभर कोकम हातानंच घालतात.

लॅपटॉपवरची नक्कल पुसायला मात्र जयवंतचा हात धजला नाही. काकूंना ते ठाऊक आहे. बाजारातून परतताना त्या अथालला येतात, चहा नको म्हणतात आणि स्वतःच कार्टमध्ये पीठ टाकतात. कोकम येतं, ओळ उमटते, काकू ती ओठांतल्या ओठांत वाचतात. मग सगळं जातं.

एकदा न राहवून तो म्हणाला, "काकू, इथलं कुरिअर बंद करतो. मग ओळ तशीच राहील, जाणार नाही."

"नको," काकू म्हणाल्या. "गेलेच नाहीत तर परत कसे येतील?"

आणि त्यांनी पुन्हा पीठ टाकलं.