देवमाशाच्या शेपटीवरचा दोर घेऊन उल्हासनगरला

बदलापूरहून लोक फिरायला कोंडेश्वरला जातात, बारवीला जातात. स्कूटर काढून उल्हासनगरला निघणारी मी एकटीच येडी. पण मला कुणाच्या तरी तोंडून एक गोष्ट ऐकायची होती: माझ्या पर्समधला वीतभर दोर बाबांच्या कारखान्यातला नाही. बस, एवढंच.

हा दोर मला गेल्या महिन्यात कोकणात मिळाला. आम्ही सुट्टीला गेलो होतो आणि किनाऱ्याला देवमासा लागला होता. मेलेली मादी. शेपटीच्या बुंध्याला दोर करकचून आवळलेला, त्यावर मांस वाढलेलं. म्हणजे किती महिने ती हे ओढत फिरली असेल! दोर कापणाऱ्या वनरक्षक बाई म्हणाल्या, "पूर्वी तेलासाठी भाले मारून मारायचे ह्यांना. आता कुणाला मारायचं नसतं, तरी मरतात. जाळी, दोर, जहाजांचे धक्के. आपल्या समुद्रात उरलेत तरी कितीसे?"

तुकडा मी मागून घेतला, कारण पांढऱ्या पेडांतून एक लाल आणि एक निळा धागा गेलेला दिसला. आमच्या गॅलरीत कपडे वाळत घालायच्या दोरीतही तेच दोन धागे आहेत.

बाबा अंबरनाथच्या दोर कारखान्यात सुपरवायझर होते. खुणेचे धागे घालायची कल्पना त्यांचीच. "तक्रार आली तर माल आपलाच आहे का, ते कळायला नको?" आणि लगेच पुढचं वाक्य, "रिटायर होईपर्यंत एक तक्रार आली नाही!" घरी पाहुणे आले की हे ठरलेलं. आम्ही भावंडं मागे तोंड दाबून हसायचो.

तर शनिवारी सकाळी निघाले. कुणाला जायचं असेल तर आठच्या आत निघा, नंतर अंबरनाथपर्यंत ट्रकच्या मागे धूळ खात बसावं लागतं. कारखान्याच्या गेटवर आता कुठल्यातरी गोदामाची पाटी आहे. वॉचमन म्हणाला, "दोरवाली कंपनी? ती बंद होऊन जमाना झाला, ताई." आत विचारण्यासारखं कुणी नव्हतंच.

उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये दाल-पकवान खाऊन घ्या, स्वस्त आणि पोटभर. मी मात्र अर्धं ताटात टाकून उठले. शेजारच्याच गल्लीत एका सिंधी काकांचं दोरांचं जुनं दुकान आहे, बाबांचा माल तिथून विकला जायचा. काकांनी ओळखलं. "अरे, तांबेसाहब की बेटी! बस, बस." मी दोर पुढे केला. त्यांनी नखाने पीळ उकलून पाहिला.

"हा तर पप्पांचाच माल. बोटवाले दुसरा घेतच नव्हते."

"नक्कल असेल ना, काका? धागे काय, कुणीही घालेल."

"डाला ना, बहुत लोगों ने डाला! पण नकलीवाला टूट जाता है, बेटा. ये देख, अजून कसा मजबूत आहे."

काका इतक्या कौतुकाने बोलत होते की मला रडूच आलं. त्यांना वाटलं, बाबा गेले. नाही हो, चांगले आहेत म्हटलं, आणि त्यांनी मागवलेला चहा कसाबसा संपवला.

परतताना वालधुनी नदीच्या पुलावर थांबले. खाली काळं पाणी, त्यावर पिशव्या, थर्माकोल. वाटलं, द्यावा इथेच टाकून. बाबा ऐंशीचे झालेत, कशाला त्यांचा जीव जाळायचा? पण त्या मादीची शेपटी डोळ्यांपुढून हलेना. तिचं कुणीतरी ऐकून घ्यायला हवं होतं.

घरी पोचले तेव्हा बाबा गॅलरीत पेपर वाचत होते. मी दोर त्यांच्या हातात ठेवला.

"बाबा, तक्रार आलीय."

त्यांनी चष्मा लावला. धागे पाहून चेहरा उजळला, मग दोन्ही टोकं तपासली. "हा तर कापलाय. तुटला कुठे?"

"तुटला नाही."

"मग तक्रार कसली?"

सगळं सांगितलं. बाबा बराच वेळ दोरावरून अंगठा फिरवत राहिले.

"पाण्यात कुजू नये म्हणूनच तर बनवला होता गं," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मला ते म्हातारे दिसले. ह्या सहलीतून काय आणलंस असं कुणी विचारलं तर मला हेच सांगावं लागेल, आणि ते आणल्याबद्दल मला अजून बरं वाटत नाही.

मी हात पुढे केला. "द्या इकडे, टाकून देते."

"टाकू नकोस!" ते एकदम ओरडले. मग दोर घडी करून शर्टाच्या खिशात ठेवत हळू म्हणाले, "टाकलास की नाल्यातून नदीत जाईल. आणि तिथून परत तिकडेच."