डोरीनच्या बीचची खालची फांदी

हेबल्सवर्थ गावात कोणी नुसतं कुंपण रंगवायला काढलं, तरी आधी सिरिल हार्डकासलचं खाकरणं ऐकू यायचं. "अं-हं! माझी हरकत आहे." सिरिल निवृत्त पोस्टमन. कुठल्या दारामागे काय बांधायचं घाटतंय, याचा वास त्याला घरमालकाच्या आधी लागायचा. चिप्सच्या दुकानाची पाटी त्याने अडवली, पाद्रीबाईंची सायकलींची शेडही अडवली. शेजारच्या डोरीन साइक्सने अंगणातलं तांबड्या पानांचं बीचचं झाड पाडायचं काढलं, तेव्हा तर पठ्ठ्या कौन्सिलात जाऊन झाडाला कायद्याचं संरक्षणच मिळवून आला. तेव्हापासून त्याची काटकी तोडायची तरी परवानगी लागते, आणि डोरीनच्या बैठकीत भरदुपारी दिवा जळतो.

यंदा सिरिलच्या बायकोची, मेव्हिसची, कंबर गेली. जिना सुटला, पलंग खालच्या खिडकीशी आला. रस्त्यापलीकडे बोल्सचं मैदान. हिरवळीवरून जड चेंडू घरंगळवत छोट्या चेंडूला नेऊन भिडवायचा, असा हा दिसायला शांत आणि आतून भांडखोर खेळ. मेव्हिस वर्षानुवर्षं तिथली कॅप्टन. पण खिडकीच्या आणि मैदानाच्या मधे नेमकी बीचची खालची फांदी.

"नुसते पाय दिसतात रे," ती म्हणाली. "चेंडू कुठे गेला, देव जाणे."

"आवाजावरून कळत नाही?"

"या गावात आवाज एकट्या तुझाच ऐकू येतो."

सिरिल अर्ज लिहायला बसला. जन्मभर दुसऱ्यांच्या अर्जांवर हरकती लिहिलेल्या. सवयीने शेवटी 'माझी सक्त हरकत आहे' असंही लिहून गेला. मग खोडलं.

बातमी फुटलीच. डोरीन दारात हजर.

"खरं का हे, सिरिल?"

"एकच फांदी गं."

डोरीन खाकरली. हुबेहूब. "अं-हं! हा वृक्ष कुणा एकाचा नाही, गावाच्या नजरेचा ठेवा आहे! आज फांदी मागतील, उद्या खोड!"

"माझं भाषण तुला पाठ आहे?"

"अंधारात बसून दुसरं करणार काय मी, बाबा?"

कौन्सिलची झाडं पाहणारी फियोना आली. चिखलाचे बूट घातलेली तरुण पोरगी, प्रत्येक वाक्याला शेवटी प्रश्नाची शेपटी. "उजेड कमी पडतो, हे कारण तसं पुरेसं नसतं, नाही का?"

"नसतंच मुळी!" सिरिल बोलून गेला.

"तू कुणाच्या बाजूचा आहेस?" पलंगावरून मेव्हिस कडाडली.

"आणि झाड मिसेस साइक्सचं," फियोना म्हणाली. "मी परवानगी दिली, तरी त्या नाही म्हणाल्या तर फांदीला हात लावता येणार नाही, नाही का?"

डोरीन नाही म्हणायलाच आली होती. खुर्चीवर मांजर होतं, म्हणून ती पलंगाच्या कडेला टेकली आणि तिची नजर खिडकीबाहेर गेली.

"अगं, काहीच दिसत नाही की!"

"मग मी काय सांगतेय?"

"म्हणजे शनिवारी मी शेवटच्या चेंडूवर सामना फिरवला, तो तू पाहिलाच नाहीस?"

"टाळ्या ऐकल्या. म्हटलं, चहा आला वाटतं."

डोरीनचा चेहरा उतरला. चषक मिळाला होता, वर केकसुद्धा. पण त्या चेंडूची पारख असलेलं गावात एकच माणूस होतं, आणि ते फांदीआड होतं.

"काप गं पोरी ती फांदी," ती म्हणाली.

परवानगी आली: तेवढीच फांदी, जाणत्या माणसाकडून, घरटी रिकामी झाल्यावर. उन्हाळा ओसरताना दोर बांधून एकजण चढला आणि फांदी उतरवून गेला.

शनिवारी सामना होता. डोरीनने खिडकीकडे पाहून ऐटीत हात हलवला आणि चेंडू सोडला. तो सरळ कडेच्या चरात.

खिडकी धाडकन वर गेली. "मनगट, डोरीन! मनगट! आमच्या मांजराचा नेम बरा!"

सगळं मैदान वळून बघायला लागलं. डोरीन लालबुंद होऊन रस्ता ओलांडून आली. सिरिल कुंपणाशीच होता.

"फांदी परत लावायचा अर्ज कुठे करतात रे?"

सिरिलने घसा साफ केला. "अं-हं! माझी हरकत आहे."